टरबुजाला फुलं भरपूर, फळ नाही: तापीकाठच्या तीन एकरांचं प्रकरण

खानदेशातल्या शेतकऱ्याने मधमाशीचा हिशोब आजवर ठेवला नाही, याला सबळ कारण आहे. केळीच्या घडाला परागीकरण लागत नाही. लागवडीची केळी बिनबियांची, त्यामुळे केळफुलावर माशी बसो न बसो, घड भरतोच. ज्वारी, बाजरी, गहू यांना कीटकाची गरज नाही. कापूस बहुतांशी स्वतःच्याच परागावर बोंड धरतो. मुख्य पिकं अशी असल्यामुळे बांधावरची मोहोळं गेली तरी उत्पन्नात कुठे खड्डा पडलेला दिसला नाही.

टरबूज या हिशोबात बसत नाही. त्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी, पराग जड आणि चिकट, तो वाऱ्याने उडत नाही. माशी आली नाही तर फळ नाही, इतका सरळ मामला. आणि हेच पीक आता मल्चिंग (बेडवर अंथरायचा प्लॅस्टिक कागद), ठिबक आणि क्रॉप कव्हर (रोपांवर टाकायचं पातळ कापड) घेऊन त्याच जुन्या सवयीच्या शिवारात आलं आहे.

पुढचं शेत प्रातिनिधिक आहे. त्यातला प्रत्येक दोष तापीकाठच्या टरबुजाच्या वावरांत दिसणारा आहे, इथे तो एकाच बांधाच्या आत आणून ठेवला आहे. उपायही याच शेताच्या मापाने मांडले आहेत.

वावर आणि पीक

शिंदखेडा तालुका, तापीच्या दक्षिणेचा पट्टा. पाऊस वर्षाला साधारण ५००-६०० मिलिमीटर. वावर ३ एकर, जवळपास ११० मीटर लांब आणि तितकंच रुंद. वर मध्यम काळी माती, दीड-दोन फुटांवर मुरूम. उत्तरेला नाला, पश्चिमेला गाडीवाट, पूर्वेला शेजाऱ्याचा कांदा, दक्षिणेला तूर आणि हरभरा.

कापूस नोव्हेंबरअखेर उपटून रान मोकळं केलेलं. बेड ६ फुटांवर, रोपं सव्वा फुटावर, म्हणजे एकरी सुमारे ५,८०० रोपं. २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, बेडवर तारेच्या कमानी आणि त्यांवर १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पांढरं क्रॉप कव्हर. काळ्या सालीचं, दोन-अडीच किलोच्या फळाचं संकरित वाण. रमजानचा बाजार धरायचा म्हणून लागवड डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

बांध दोन फुटांचे. पूर्वी पश्चिम बांधावर बोरी, दोन बाभळी आणि एक हिवर होता. रान जेसीबीने समतल करताना ती झाडं गेली. आता बांधावर वर्षातून दोनदा तणनाशक मारलं जातं आणि एप्रिलात उरलेल्या काडीकचऱ्याला जाळ लावला जातो. तण राहत नाही, उंदीर-सापाची भीती कमी होते, शेजाऱ्याचीही तक्रार नसते. नीटनेटकं शेत म्हणून गावात त्याची वाहवा होते.

काय बिघडलं

लागवडीनंतर १८व्या दिवशी फुलकिडे आणि पांढऱ्या माशीच्या धास्तीने ठिबकमधून थायमेथोक्झाम या कीटकनाशकाची आळवणी झाली, म्हणजे ते मुळाशी सोडलं. थंडीमुळे वाढ जरा सावकाश होती, तरी २८व्या दिवसापासून कव्हरखाली नर फुलं उमलू लागली. ३४व्या दिवसापासून मादी फुलं दिसू लागली. कव्हर मात्र ४४व्या दिवशी निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता फिप्रोनिल या कीटकनाशकाची फवारणी झाली, कारण कव्हर काढल्यावर फुलकिडे एकदम चढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पन्नाशीच्या दिवसांत वेल हिरवेगार, फुलांनी भरलेले, आणि फळं मोजकी. मादी फुलाखालची गोटी पिवळी पडून गळायची. जी फळं धरली ती वेलाच्या शेंड्याकडची, उशिराची. त्यांतली बरीच फुलाच्या टोकाला निमुळती किंवा एका कुशीला बसलेली. व्यापाऱ्याने असा माल बाजूला काढून बदल्यात, म्हणजे हलक्या प्रतीत, धरला.

शेतावर जे येऊन गेले त्यांच्याकडून तीन निदानं मिळाली: व्हायरस, बोरॉनची कमतरता आणि रात्रीची थंडी. त्यानुसार बोरॉनची फवारणी झाली, मग फळधारणेसाठी संजीवकाची. फरक पडला नाही. पराग ज्या फुलावर पोचलाच नाही तिथे बोरॉन काय करणार?

निदान: सुरी, दोरा आणि दहा मिनिटं

या तीन गोष्टींनी परागीकरणाचा दोष बाकीच्या दोषांपासून वेगळा काढता येतो. प्रयोगशाळा लागत नाही.

आधी सुरी. वाकडं फळ लांबीत चिरायचं. बसलेल्या कुशीत बिया पांढऱ्या, चपट्या, पोकळ आणि भरलेल्या कुशीत काळ्या, टणक असतील तर दोष परागाचा. फळाचा गर बियांच्या मागे भरतो. ज्या बाजूला बी धरलं नाही ती बाजू फुगत नाही. मादी फुलाच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखे भाग असतात. या तिन्ही भागांवर मिळून निदान ५०० ते १,००० परागकण, तेही सारखे पसरलेले लागतात. माशीच्या एका फेरीत इतके पोचत नाहीत. एका फुलाला एका सकाळी आठ-दहा भेटी मिळाल्या तर फळ गोल भरतं.

इतर कारणं वेगळी दिसतात. कॅल्शियम कमी पडलं तर फळाच्या फुलाकडच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. बड नेक्रोसिस हा विषाणूरोग असेल तर शेंडा आखडतो, वर ताठ उभा राहतो आणि करपतो. मोझॅक या विषाणूरोगात पानं चट्टेरी आणि सुरकुतलेली. या वावरात पानं निरोगी होती आणि शेंडे धावत होते. पाण्याच्या ताणानेही फळ निमुळतं होऊ शकतं, म्हणून ठिबकचे ड्रिपर आणि बेडची ओल तपासणं आवश्यक. इथे ओल सारखी होती.

मग दोरा. उद्या उमलणारी ६० मादी फुलं आदल्या संध्याकाळी शोधायची. कळी फिकट पिवळी, फुगीर असते आणि खाली लव असलेली छोटी गोटी. त्यांतली ४० फुलं संध्याकाळीच कागदी पिशवीने झाकायची. सकाळी ७ ते ९ दरम्यान झाकलेल्यांपैकी २० उघडून, ताज्या नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून त्याचा परागकोश मादी फुलाच्या तिन्ही भागांवर हलक्या हाताने फिरवायचा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरायची, लाल दोरा बांधायचा आणि पुन्हा झाकायचं. उरलेली २० दिवसभर झाकलेलीच ठेवायची आणि न झाकलेल्या २० फुलांना पांढरा दोरा. फुलं दुपारी मिटली की पिशव्या काढायच्या. सहाव्या दिवशी पाहायचं. लाल दोऱ्याची बहुतेक धरली आणि पांढऱ्या दोऱ्याची झाकलेल्यांसारखीच गळाली, तर वेलाची ताकद पुरेशी आहे आणि कमी माशीची आहे. लाल दोऱ्याचीही गळाली, तर मूळ कारण पोषण, तापमान किंवा रोगात शोधावं. या वावरात लाल दोरा फळाला लागला.

शेवटी दहा मिनिटं. सकाळी ९.३० ते १०.३० मध्ये, वारा नसताना, बेडच्या कडेने सावकाश चालत उमललेली १०० फुलं पाहायची आणि त्यांवर बसलेल्या माश्या मोजायच्या. वेलवर्गीय पिकांत १०० फुलांमागे किमान एक माशी हा धरायचा अंदाज. वेगवेगळ्या पाच जागी मोजावं, कारण नाल्याकडे आणि वावराच्या मधोमध मोठा फरक पडतो. इथे नाल्याकडच्या दोन बेडवर फुलोरी माशी (लहान जंगली मधमाशी) दिसत होती. मधल्या बेडवर शेकडो फुलं मोजूनही माशी नाही. चांगली भरलेली फळंही त्याच नाल्याकडच्या बेडवर होती. शेतकऱ्याने हा फरक आधी पाहिला होता, पण तो ‘तिकडची माती बरी’ म्हणून सोडून दिला होता.

कुठे काय चुकलं, आणि कितपत

सगळ्यात मोठं कारण कव्हर. टरबुजाचं मादी फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं, पुन्हा उघडत नाही. वेलाच्या पहिल्या सात-आठ पेरांवरचं मादी फूल गेलं तर बिघडत नाही, तिथलं फळ तसंही लहान राहतं आणि अनेकजण ते खुडतात. खरं पीक त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या मादी फुलावर, साधारण १२व्या ते १८व्या पेरावर असतं. ३४व्या ते ४४व्या दिवसांत हीच फुलं कव्हरखाली उमलली आणि मिटली. ज्या कापडातून फुलकिडा आत जात नाही त्यातून माशी कशी जाणार?

त्यानंतर फवारणी. सकाळी ८ वाजता फुलं उघडी आणि माश्या कामावर. फिप्रोनिलचा अंश बरेच दिवस टिकतो, त्यामुळे नाल्याकडून येणाऱ्या थोड्या माश्याही कमी झाल्या. आळवणीचा वाटा वेगळा आहे. थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड ही औषधं मुळांतून शोषली जातात आणि वेलवर्गीय पिकांच्या मधुरसात व परागात उतरतात. फुलोऱ्याच्या जितकी जवळ आळवणी, तितकी फुलात मात्रा जास्त. शिवाय लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) टोकाला साचणाऱ्या डबक्यावर माश्या पाणी प्यायला येतात आणि तिथे औषध विरघळलेलं असतं. ही गळती कुणाच्या लक्षात येत नाही.

हे झाले दहा दिवसांचे दोष. पण कव्हर वेळेवर निघालं असतं तरी मधल्या बेडवर पुरेशी माशी पोचली नसती, कारण उरलेले साडेअकरा महिने या शिवारात तिला राहायला जागाच नव्हती.

आग्या माशी दोन-तीन किलोमीटरांवरून सहज येते, पण ती ऋतूनुसार स्थलांतर करते, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सातेरीचा पल्ला किलोमीटर-दीड किलोमीटरचा, पण तिला पोकळी आणि सावली हवी. फुलोरी माशी बोरी-बाभळीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लावते आणि जवळपासच फिरते. मातीत बीळ करणाऱ्या एकट्या माश्या, ज्यांना बहुतेक लोक माशी म्हणून ओळखतही नाहीत, दोन-तीनशे मीटरच्या पुढे क्वचितच जातात. जगातल्या माश्यांच्या जातींपैकी बहुसंख्य अशा जमिनीत घर करणाऱ्या आहेत. त्यांना न नांगरलेली, न भिजवलेली, उघडी माती लागते. शेतात अशी जागा फक्त बांधाची. वावरातल्या बेडवर प्लॅस्टिक, सरीत पाय, खरिपात नांगर. बांधावर तणनाशक आणि जाळ. म्हणजे घर मोडण्याची एकही वाट शिल्लक ठेवलेली नव्हती.

त्याच हंगामात काय वाचवता आलं

निदान ५३व्या दिवशी झालं. वेलांवर मादी फुलं अजून येत होती. सकाळच्या फवारण्या थांबवल्या. नाल्यापासून दूरच्या अर्ध्या एकरात सलग आठ दिवस, ७ ते ९.३० या वेळात हाताने परागीकरण केलं. नर फूल ताजं हवं, आदल्या दिवशीचं चालत नाही. १० नंतर ऊन चढलं की मेहनत वाया जाते. प्रत्येक वेलावर एक फळ धरलं की पुढच्या वेलाकडे जायचं. मजुरीचं काम आहे, तीन एकरांना परवडणारं नाही, आणि आम्ही त्याची शिफारस फक्त वाचवण्याजोगा तुकडा हाताशी असतानाच करतो. बाकीचं रान जसं भरेल तसं सोडलं.

दुसरा हंगाम: कव्हर, घड्याळ, पेट्या

दुसऱ्या वर्षी बांध अजून तयार नव्हता, तरी पिकाची मोठी सुधारणा याच वर्षी झाली. म्हणून क्रम स्पष्ट सांगतो: आधी कव्हरचा दिवस आणि फवारणीची वेळ, मग झाडं. झाडं लावून कव्हर ४४ दिवस ठेवणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

कव्हर काढायचा दिवस कॅलेंडरवर धरायचा नाही, वेलावर पाहायचा. ३०व्या दिवसापासून रोज सकाळी प्रत्येक एकरातले ५० वेल कव्हर उचलून तपासायचे. १०व्या पेरापुढचं मादी फूल ५० पैकी चार-पाच वेलांवर दिसलं की त्या एकराचं कव्हर दोन दिवसांत काढायचं. काढायचं काम संध्याकाळी. भर उन्हात कव्हर काढलं की आतली कोवळी पानं करपतात.

फुलकिड्यांची धास्ती खोटी नाही. बड नेक्रोसिसचा विषाणू फुलकिडेच पसरवतात, आणि कव्हर शेतकरी उगीच वापरत नाही. म्हणून बंदोबस्त कव्हर काढण्याआधीच करून ठेवायचा: निळे चिकट सापळे एकरी २०, वेलाच्या उंचीला, रोगट रोपं दिसताच उपटून बाहेर, बांधावरचं आणि सरीतलं शेंदाडासारखं रानवेलीचं तण साफ, कारण फळमाशी आणि विषाणू दोन्ही त्यावर टिकून राहतात. आळवणी करायचीच तर ती रोपवाटिकेत किंवा लागवडीच्या वेळी. लागवडीनंतर १०व्या दिवसापुढे मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक ठिबकने सोडायचं नाही. फुलोऱ्यात फवारणी अटळ झाली तर फुलं मिटल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास, आणि सकाळपर्यंत सुकून जाईल असं औषध. स्पिनोसॅड ओलं असताना माशीला मारतं, सुकल्यावर त्याचा धोका बराच कमी होतो. फिप्रोनिल, थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड यांना संध्याकाळची वेळ पाळूनही फुलोऱ्यात जागा नाही. बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच पंपात मिसळण्याची सवयही सोडायला हवी. प्रोपिकोनॅझोलच्या गटातली बुरशीनाशकं सोबत असली की काही कीटकनाशकं माशीला कितीतरी जास्त घातक ठरतात.

पेट्या भाड्याने आणल्या, एकरी दोन, एकूण सहा. पाळीव युरोपियन माशीच्या. सातेरी खानदेशच्या उन्हात सावली आणि चारा कमी पडला की पेटी सोडून जाते. पेटी घेताना झाकण उघडून पाहायची: सहा ते आठ फ्रेम माश्यांनी भरलेल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत अंडी-अळ्या. अळ्या असलेली वसाहतच पराग गोळा करते, नुसत्या मधावर बसलेली पेटी कामाची नाही. ठेवताना दोन ठिकाणी तीन-तीन, तोंड पूर्वेला, दीड फूट उंच घोडीवर, घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या चढतात. शेजारी घमेल्यात खडे टाकून पाणी, रोज बदललेलं.

बांध

आता साडेअकरा महिन्यांचा प्रश्न. बांधाचा आराखडा करताना आधी सावली पाहावी लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून झाडाची सावली उत्तरेला पडते. मोठी झाडं दक्षिण बांधावर लावली तर ती आपल्याच टरबुजावर सावली धरतील. पूर्वेला लावली तर सकाळचं ऊन अडेल, आणि थंडीत फुलोरी माशी ऊन चढल्यावरच बाहेर पडते. म्हणून मोठी झाडं उत्तरेला नाल्याच्या काठी, झुडपं पश्चिमेच्या गाडीवाटेला, आणि पूर्व-दक्षिणेला फक्त कमरेखालची रोपं. सावलीवरून शेजाऱ्याशी वाद होण्याची शक्यताही याने संपते.

नाल्याकाठी ८ मीटरवर एक अशी १३ झाडं: करंज ४, निंब ३, देशी बाभूळ २, बोर २, पळस २. करंज एप्रिल-मेमध्ये फुलतो, निंब मार्च-एप्रिलमध्ये. टरबूज काढल्यावर शिवार भकास होतं तेव्हा हीच दोन झाडं माश्या धरून ठेवतात. बाभूळ पावसाळ्यात, बोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये.

गाडीवाटेच्या बांधावर दोन ओळी. बाहेरच्या ओळीत निर्गुडी, तरवड आणि अडुळसा, दीड मीटरवर एक, सुमारे ७० रोपं. या तिघांना शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तेच कुंपण. आतल्या ओळीत ३ मीटरवर शेवगा, पण तो दरवर्षी मार्चनंतर चार फुटांवर छाटायचा. तरवडाचं एक वेगळं महत्त्व आहे. त्याच्या परागकोशाला टोकाला बारीक छिद्र असतं आणि पराग बाहेर काढायला माशीला अंग थरथरवावं लागतं. काळा भुंगा आणि काही एकट्या माश्या हे करतात, पाळीव मधमाशी करत नाही. वांग्याचं फूलही याच घडणीचं. जळगावकडच्या भरिताच्या वांग्याच्या शेतकऱ्याने मधपेट्यांऐवजी बांधावर तरवड आणि भुंग्यासाठी वाळकं लाकूड ठेवावं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

दक्षिण आणि पूर्व बांधावर तुळस आणि रानतुळस. खरिपात त्याच कडेने तिळाचे आणि तुरीचे एकेक तास, म्हणजे ओळ. तुरीचं तास हे खानदेशात नवं नाही, कापसात ते असायचंच. पानांचे गोल तुकडे कातरून घरटं बांधणारी माशी तुरीवर विशेष येते.

रोपं तयार करताना बारकावे आहेत. निंबाचं बी झाडावरून पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरलं नाही तर उगवत नाही. पळसाचंही ताजंच हवं. तरवडाच्या बियांवर उकळून जरा निवालेलं पाणी ओतून रात्रभर ठेवायचं. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून वेचावं. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर फुटतं, हे मेंढपाळांना कुणी शिकवावं लागत नाही. निर्गुडी आणि अडुळसा पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब छाटांवर जुलैत लागतात. झाडांसाठी खड्डे दीड फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खोदून तापू द्यायचे, एक घमेलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळायचं आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लागवड. नाल्याकाठच्या झाडांना लॅटरलच्या टोकाला मायक्रोट्यूब जोडून पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला १० लिटर पाणी.

वेडी बाभूळ, म्हणजे विलायती बाभूळ, मधमाश्यांना आवडते यात शंका नाही. तरीही ती लावायची नाही. नाला गिळून टाकते आणि बाकी काही उगवू देत नाही. गाजरगवत फुललं म्हणून बांध जिवंत आहे असंही समजू नये.

घरांसाठी फार काही करावं लागत नाही, उलट बरंच काही करायचं थांबवावं लागतं. तणनाशक बंद. जाळ बंद. गवत विळ्याने कापायचं, एका वर्षी निम्मा बांध, पुढच्या वर्षी दुसरा निम्मा. पश्चिम बांधाच्या उन्हाच्या बाजूला एक मीटर चौरसाचे तीन तुकडे गवत काढून उघडे ठेवायचे, तिथे पाणी किंवा पालापाचोळा नको. बांबूच्या वीतभर नळ्या, आतलं भोक ६ ते १० मिलिमीटर, एक टोक गाठीने बंद, अशा २०-२५ नळ्यांची मोळी पूर्वेला तोंड करून छातीच्या उंचीवर, पावसापासून आडोशाला. नळ्या दरवर्षी बदलायच्या, जुन्यांत बुरशी आणि माइट (बारीक कोळी) साठतात. भुंग्यासाठी पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा मनगटाहून जाड वाळका ओंडका. तुरकाठ्या सगळ्या चुलीत न घालता पेंढीभर बांधावर उभ्या ठेवल्या तर बारीक माश्या त्यांत शिरतात.

जे फसलं

पेट्या दुसऱ्या हंगामात आठ दिवस लवकर आणल्या गेल्या. वेलांवर तेव्हा नर फुलंही तुरळक होती. माश्यांनी अर्ध्या किलोमीटरवरचा कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट शोधला आणि टरबूज फुलल्यावरही त्यांतल्या बऱ्याच तिकडेच जात राहिल्या. सुमारे दहा टक्के फुलं उमलल्यावर, संध्याकाळी, पेटी शेतात आणायची. त्याआधी नाही. बांधावर शेवगा-अडुळशासारखी थोडी फुलं एकाच वेळी असली तर नुकसान होत नाही, टरबुजाचं फूल दुपारी मिटतं आणि माशीला दुपारनंतरही काही हवं असतं. एकरभर मोहरी किंवा बियाण्याचा कांदा शेजारी फुलला की मात्र ओढ तिकडे लागते.

दुसरी चूक धन्याची. मित्रकीटकांसाठी म्हणून बेडच्या डोक्याशी धन्याची ओळ पेरली. ती फुलली त्याच पंधरवड्यात तिच्यावर मावा आणि फुलकिडे चढले आणि कव्हर काढताच शेजारच्या वेलांवर उतरले. धने, मोहरी यांना या वावरात टरबुजाच्या पहिल्या ४० दिवसांत जागा नाही. त्यांचा पट्टा फेब्रुवारीत, नाल्यापलीकडे.

पहिल्या उन्हाळ्यात चारपैकी दोन करंज मेले, कारण टरबूज संपल्यावर ठिबकची मोटारच बंद झाली. आणि दक्षिणेच्या शेजाऱ्याचं तणनाशक वाऱ्याने येऊन तुळशीचा निम्मा पट्टा जळाला. त्यावर उपाय झाडांचा नव्हता, बोलण्याचा होता. आता तो त्या बाजूला फवारताना नोझलला हूड लावतो आणि तुरीवर अळीची फवारणी संध्याकाळी घेतो. शेंगा त्याच्याही जास्त धरतात का, हे तो स्वतः पाहतो आहे.

तिसऱ्या हंगामातली मोजणी

तिसऱ्या वर्षी तरवड आणि निर्गुडी फुलली, शेवगा तर आधीच. गाडीवाटेच्या निर्गुडीत फुलोरी माशीची दोन पोळी लागली. मुलांनी ती पेटवू नयेत म्हणून घरात सांगून ठेवावं लागलं. पाच जागांच्या मोजणीत पश्चिम बेडवर १०० फुलांमागे एकाहून जास्त माशी, त्यांत पाळीव माशीखेरीज तीन-चार प्रकार. मधल्या बेडवर मात्र अजून पेट्यांचाच भार. ११० मीटरचा मध्य दोन्ही बांधांपासून ५५ मीटरवर पडतो. बारीक माशीला ते अंतर जड नाही, पण वसाहतीच अजून थोड्या आहेत.

म्हणून चौथ्या हंगामात सहाऐवजी चार पेट्या ठरवल्या, एकदम शून्य नाही. मोजणीत मधल्या बेडनेही १०० ला एक ओलांडलं तर पुढच्या वर्षी दोन. करंजाला आणि निंबाला फुलायला अजून दोन-तीन वर्षं लागतील. मेलेल्या दोन करंजांच्या जागी जुलैत नवी रोपं लागली आहेत आणि नाल्याकाठच्या लॅटरलला आता वेगळा व्हॉल्व्ह आहे, म्हणजे टरबूज संपल्यावरही तेवढी ओळ चालू राहील.